गुहागर ते विजापूर : पावसाच्या उतरणीवरचा रस्ता

गुहागर, चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत आणि पलीकडे कर्नाटकात विजापूर. आपल्या पिढीला हा रस्ता राज्य महामार्ग ७८ म्हणून माहीत. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झालाय, किलोमीटरच्या दगडाचं हिरवं डोकं पिवळं झालं. पण या टोकाहून त्या टोकाला सलग जाणारा माणूस विरळाच. पोफळीचा माणूस चिपळूणला उतरतो, मल्हारपेठचा कराडला, भिवघाटाकडचा विट्याला. एसटीच्या वाहकाला विचारा, तो सांगेल की गाडी जेवढी भरते तेवढी मधल्या थांब्यांवरच रिकामी होते. तेव्हा मी आज टोकांचं फारसं बोलणार नाही. मधलं बोलणार आहे, आणि तेही पाण्याच्या अंगाने.

कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जतला पाचशेच्या आसपास. रस्त्याने हे अंतर दोनशे किलोमीटरही भरत नाही. कुंभार्ली घाट चढून आलेला पाऊस सगळं इथेच ओतून मोकळा होतो आणि पुढच्या गावांना वाऱ्यावर सोडतो. पाटणच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नाहीत.

घाटमाथा संपून हेळवाक आलं की कोयना नदी भेटते. महाबळेश्वराकडून ती दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते. तिथून कराडपर्यंत रस्ता तिचा हात सोडत नाही. घाट, नदी आणि रस्ता एकत्र आले म्हणून तिथे बाजार बसला, आणि वळणाच्या थोडं वर धरण बांधलं. आता गंमत बघा. नदी देशाकडे वळायच्या आधीच आपण तिला अडवली आणि डोंगरातून बोगदा काढून उलट दिशेला, कोकणात सोडली. सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून पोफळीच्या भुयारातली जनित्रं फिरवते, पुढे वाशिष्ठीला मिळते आणि समुद्रात जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. धरणाची साठवण आहे १०५ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून अधिक.

वीज नको असं मी म्हणत नाही. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो तेव्हा पाच मिनिटांत चालू होणारी वीज पाण्याचीच. पण या व्यवहाराची किंमत कोणी दिली तेही बोललं पाहिजे. धरणाच्या शिवसागर जलाशयात ज्यांची गावं गेली त्यांतल्या कित्येकांना सांगली-सोलापूरकडे जमिनी दिल्या. ज्या खोऱ्यात पाण्याला तोटा नव्हता तिथली माणसं दुष्काळात नेऊन बसवली. शिवाय ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तो भूकंप, त्याची आठवण कोयनानगरात आजही निघते.

कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात. प्रीतिसंगम आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यावर वेळ घालवत नाही. पुढे ओगलेवाडी. ज्या गावाने घराघरात प्रभाकर कंदील पोचवला ते कोयनेच्या विजेच्या रस्त्यावर असावं, हा योगच म्हणायचा. त्याच्या जवळच टेंभू, आगरकरांचं जन्मगाव. आता टेंभू म्हटलं की लोकांना आगरकर आठवत नाहीत, पंप आठवतात. इथे कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे चढवलं जातं. हे पाणी काही कोणी आपणहून दिलं नाही. नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसं दुष्काळी भागात पाणी परिषदा घेत फिरली, मोर्चे काढले, तेव्हा कुठे हललं. घाटाजवळ पाणी वरून खाली पाडून वीज काढायची आणि शंभर किलोमीटरच्या आत वीज जाळून पाणी वर चढवायचं. हा हिशेब कुणीतरी एकदा एकाच कागदावर मांडायला हवा.

सुर्लीचा घाट चढून विट्याकडे गेलं की पाणी नसलेल्यांनी काय केलं ते दिसतं. खानापूर तालुक्यातला माणूस गलाईला गेला. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, सराफ कट्टा असेल तिथे इकडचा माणूस बसलेला. आईशी मराठी आणि गिऱ्हाइकाशी तमिळ बोलणारी मुलं इथल्या घरांत नवलाची नाहीत. जतकडचे लोक कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले. दिवाळीच्या सुमाराला याच रस्त्याने त्यांच्या गाड्या कारखान्यांकडे येतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं वर लादलेलं.

आणि काहींनी कोरड्या हवेलाच कामाला लावलं. नागजच्या पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. शेतात लांबच लांब शेड, आत जाळीचे एकावर एक कप्पे, बाजूला हिरवं शेडनेट. द्राक्षाचे घड डिपिंगच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात आणि पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. चिपळूणच्या हवेत हे करून दाखवा! पण त्याच दिवसांत अवकाळीची एक सर आली तर बेदाणा काळा पडतो आणि दर निम्म्यावर येतो. आयुष्यभर पावसाची वाट पाहणारा शेतकरी तेवढे दिवस तो येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत असतो.

जतच्या पूर्वेला गावागावांत कानडी बोललं जातं. पाणी मिळत नाही म्हणून तिथल्या चाळीसेक गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, त्याची आठवण २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी काढली आणि मुंबईत धावपळ उडाली. त्याच सुमारास कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या सीमेवरच्या गावांत येऊन पोचलं. मग जतला कृष्णेचं पाणी आणायच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल, जी वर्षानुवर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती, ती पळायला लागली. गुहागरच्या बाजूने निघालेल्या सरकारला जतला पोचायला इतकी वर्षं लागली; विजापूरच्या बाजूने पाणी आधी आलं.