शेवटच्या चार गाण्यांची दाद

नमस्कार मंडळी.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावातल्या एका जुन्या चर्चमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. पाश्चात्य शास्त्रीय संगीतात तयार झालेला गायक, खर्जातला भरदार आवाज, साथीला फक्त पियानो. मध्यंतरापर्यंत शूबर्ट आणि ब्राम्स या संगीतकारांची जर्मन गाणी झाली. दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत, अशी सूचना कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली होती आणि सगळे खोकलासुद्धा दाबून बसले होते. शेवटची चार गाणी स्पिरिच्युअल्स होती. स्पिरिच्युअल्स म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीय गुलामांची भजनं. ती कुणी रचली ते माहीत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आलेली.

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला माझ्या पुढच्या रांगेतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी हळूच म्हणाल्या, "येस." आपल्याकडे मैफलीत एखादे आजोबा मान हलवत "अहाहा" म्हणतात ना, अगदी तसं. गायकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ जवळजवळ त्यांनाच म्हणून दाखवली. मग डावीकडून आणखी कुणी हुंकार दिला. पत्रिकेवरची सूचना तशीच राहिली आणि सभागृह मात्र सैल झालं. माझ्याही ओठांवर "वा!" आली होती. मी ती गिळली, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

त्या संध्याकाळपासून मी या गाण्यांचं वाचतोय. त्यात माझं लक्ष गाणाऱ्यांइतकंच ऐकणाऱ्यांकडे गेलं.

१८७१ साली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले नऊ विद्यार्थी संस्थेसाठी पैसे गोळा करायला गावोगाव गात निघाले. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. सुरुवातीला ते गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात. आईवडिलांची भजनं त्यांना चारचौघांत नको वाटायची, कारण ती पवित्र होती आणि गुलामीची आठवणही होती. ओहायो राज्यातल्या ओबर्लिन गावी भरलेल्या पाद्र्यांच्या परिषदेत त्यांनी अखेर त्यातलंच एक गाणं अगदी हळू आवाजात धरलं. गप्पा मारत बसलेले प्रतिनिधी थांबून ऐकू लागले. पुढे १८७३ मध्ये हे गायक इंग्लंडला गेले आणि व्हिक्टोरिया राणीसमोर गायले.

१८७३ हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. आपले देशबांधव या उदाहरणावरून धडा घेतील, अशी आशाही त्या अर्पणपत्रिकेत आहे. त्या मुक्त झालेल्यांची मुलं तेव्हा लंडनमध्ये गात होती. हे दोन्ही एकाच वर्षातलं आहे हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मात्र श्रोते सगळीकडे इतके शहाणे नव्हते. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे मिन्स्ट्रेल तमाशे तेव्हा अमेरिकेत जोरात होते, आणि ते पाहून आलेल्या लोकांना या गाण्यांतही हसायची सवय लागलेली. हॅरी बर्ली या गायक-संगीतकाराने १९१७ च्या सुमारास एकट्या गायकाला पियानोवर गाता यावीत अशा रीतीने ही भजनं बांधली, आणि सोबत बजावूनही ठेवलं की अंग घुसळून, टाळ्या पिटून यांचा विनोद करू नका. ही गाणी त्यांनी लहानपणी आपल्या आंधळ्या आजोबांकडून ऐकली होती. ते आजोबा स्वतः गुलामीतून सुटलेले.

रोलंड हेज या कृष्णवर्णीय गायकाची गोष्ट तर मी घरी सगळ्यांना दोनदा सांगितली. आईवडील गुलामीतून सुटलेले, जन्म जॉर्जियाच्या खेड्यातला. १९२४ मध्ये ते बर्लिनला गायला उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या काठावर फ्रेंचांनी आफ्रिकी सैनिक ठेवले होते, त्याचा राग लोकांच्या मनात होता. हेज रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांनी हुर्यो सुरू केली. ते पियानोपाशी नुसते उभे राहिले. गोंगाट आपोआप विरेपर्यंत उभे राहिले, आणि मग शूबर्टचं एक अतिशय शांत गाणं जर्मनमध्येच उचललं. त्यानंतर सभागृह त्यांचं झालं. अशा सभागृहांत ते आपल्या आईची भजनं गात.

मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिका १९३५ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला गेल्या. तिथल्या प्रसिद्ध महोत्सवाने त्यांना जागा दिली नाही, म्हणून एका हॉटेलात बैठक झाली. शेवटी त्या येशूच्या क्रूसाचं स्पिरिच्युअल गायल्या. व्हिन्सेंट शीन हे पत्रकार तिथे होते. त्यांनी लिहून ठेवलंय की गाणं संपलं आणि टाळी पडलीच नाही, श्वास घ्यायचीही भीती वाटावी अशी शांतता होती. चार वर्षांनी, ९ एप्रिल १९३९ ला, वॉशिंग्टनमधलं सभागृह रंगावरून नाकारलं गेल्यावर त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. समोर ७५,००० माणसं, ईस्टरचा रविवार, बोचरी थंडी. देशगीताच्या ओळीत "मी गाते" असं होतं तिथे त्यांनी "आम्ही गातो" म्हटलं आणि शेवट स्पिरिच्युअल्सनी केला.

यावर एक आक्षेप जुना आहे. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९३४ मध्येच लिहिलं की मैफलीत घोटून गायलेलं ते खरं स्पिरिच्युअल नव्हे. खरं ते जमावाचं, दर वेळी नव्याने घडणारं. त्यांचं म्हणणं मला समजतं. वारीत चालता चालता म्हटलेला अभंग वेगळा आणि रंगमंचावर तानपुऱ्यांवर म्हटलेला वेगळा. पण भीमसेनजींच्या अभंगवाणीत डोळे पुसणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं रडणं खोटं होतं असं मला म्हणवत नाही. त्या चर्चमधल्या आजींचं "येस" तर बंद सभागृहात आलेला वारीचाच आवाज होता.

कार्यक्रमानंतर कॉफीच्या टेबलाशी मी त्यांना भेटलो. त्यांची आजी परसात शेंगा सोलताना हेच गाणं म्हणायची, फक्त खूप संथ. त्यांनी दोन ओळी गुणगुणून दाखवल्या, एक हात टेबलावर हलका आपटत. मी न राहवून "वा" म्हणालो. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, आमच्याकडचं "येस".

तोच गायक पुढच्या महिन्यात त्याच चर्चमध्ये पुन्हा येतोय. आपल्यापैकी ज्यांना यायचंय त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहा, आपण एका रांगेत बसू. मुलांना आणा. आणि मनापासून "वा" आली तर गिळू नका.