दमट हवेत वाळणारं पेन

नमस्कार मंडळी! तीन दिवस झाले पाऊस थांबत नाहीये, दोरीवरचे कपडे अजून ओलेच, आणि अशी हवा पडली की मला आमच्या शेजारच्या काकांचं पेन आठवतं. हसू नका, सांगतो.

जपानी फाउंटन पेन आहे ते. काळंभोर, त्यावर सोन्याचा मासा, आणि माशाच्या पाठीवर शिंपल्याचे बारीक तुकडे, उजेडात फिरवलं की कधी हिरवे कधी जांभळे दिसतात. या कामाला माकी-ए म्हणतात, म्हणजे भुरभुरवलेलं चित्र, आणि शिंपल्याच्या जडावाला रादेन.

गंमत म्हणजे याची सुरुवात नटवण्यासाठी झालीच नव्हती. नामिकी म्हणून कंपनी, 1918 साली तोक्योत निघाली, तीच आजची पायलट. तेव्हा पेनं एबोनाइटची असायची, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, आणि उजेडात ते विटायचं, मळकट तपकिरी व्हायचं. त्यावर उपाय म्हणून यांनी आपला घरचा लाखेचा लेप दिला, उरुशीचा. लेप आलाच आहे तर त्यावर चित्र काढणारे कारागीरही आले, आणि 1930 मध्ये लंडनच्या डनहिल या चैनीच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीशी करार होऊन ही पेनं युरोपात विकायला गेली.

आता ही उरुशी म्हणजे झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की चिरे पाडून काढतात, आख्ख्या मोसमात एका झाडाचा जेमतेम पेलाभर निघतो. आणि हे झाड आपल्या बिब्ब्याच्या, आंब्याच्या, काजूच्या कुळातलं बरं का! लहानपणी मला बिब्बा उतला होता, आजी खोबरं चोळत बसली होती, ते फोड आठवले की अजून अंग शहारतं. उरुशीवर काम शिकणाऱ्या पोरांच्या हातावर पण अगदी तसंच पुरळ उठतं, हळूहळू अंगाला सवय होते म्हणे.

आणि हा चीक उन्हात वाळत नाही! त्याला ओलावा लागतो, हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा असला की तो घट्ट होतो, म्हणून पेनं मुद्दाम दमट ठेवलेल्या कपाटात वाळत घालतात. आपली श्रावणातली खोली चालली असती बघा.

मासा कसा काढतात ते ऐका. मांजराच्या केसांच्या बारीक कुंचल्याने ओल्या लाखेत एक रेघ ओढायची, मग बांबूची छोटी नळी घ्यायची, तिच्या तोंडाला रेशमाचं कापड बांधलेलं, आत सोन्याची पूड, आणि बोटाने हळूच टिचकी मारत राहायचं, पूड ओल्या रेघेवर पडते आणि चिकटते, आपण रांगोळी भुरभुरवतो ना, पण नखाएवढ्या जागेत. वाळलं की वरून पुन्हा काळी लाख, सगळं चित्र गायब! मग कोळशाने पाण्यात घासत बसायचं, सोनं परत वर येईपर्यंत. एक घासणी जास्त झाली की सोनं गेलं, महिन्यांची मेहनत पाण्यात. शेवटची झिलई कशाने, तर बोटाच्या टोकाने. मला तर हा सगळा प्रकार भयंकर वाटतो, माझ्याच्याने भिंत रंगवायचा धीर धरवत नाही.

निब पण सोन्याची, 14 कॅरेट म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न टक्के सोनं. पूर्वीची शाई आंबट, लोखंड खायची, सोन्याला ती काही करत नाही. पण सोनं मऊ, कागदावर झिजेल, म्हणून टोकाला कडक धातूचा इवलासा ठिपका डकवलेला असतो.

मी काकांना विचारलं, एवढं भारी पेन, तुम्ही कपाटात ठेवत नाही? म्हणाले, "अरे, जपानात याच लाखेच्या वाट्यांत लोक गरम सूप पितात, याला काय होतंय, फक्त उन्हात ठेवायचं नाही." आणि समोरच्या पाकिटावर किराणा लिहू लागले, तूरडाळ दोन किलो, पोहे एक.