लवणासुराचं झाकण आणि अस्वलाची नखं

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर काळ्या कातळाचे सुमारे ४०,००० खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. बहुतेक षट्कोनी. काही पंचकोनी, काही सात बाजूंचे. पायऱ्या उतरत जाव्यात तसे ते समुद्रात शिरतात. या जागेला ‘जायंट्स कॉजवे’ म्हणतात, म्हणजे राक्षसाचा बांध. तिथली माणसं सांगतात, फिन मॅककूल नावाच्या महाकाय वीरानं पलीकडे स्कॉटलंडला जाऊन लढायला हा रस्ता बांधला. पण तिकडून आलेला गडी फिनहूनही आडदांड निघाला. मग फिनच्या बायकोनं नवऱ्यालाच दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. बाळ एवढं, तर बाप केवढा असेल, या धास्तीनं पाहुणा पळत सुटला आणि जाता जाता मागचा रस्ता उखडत गेला.

गोष्ट मजेची आहे, पण तिच्यात एक पक्कं निरीक्षण दडलेलं आहे. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावर अगदी असेच खांब आहेत, आणि मधे नुसतं पाणी. दोन्ही काठांवर एकसारखा दगड का, हा प्रश्न त्या कोळ्या-दर्यावर्दींना पडला होता. भूशास्त्राचं उत्तर असं की सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या पट्ट्यात ज्वालामुखी जागे होते. दोन्हीकडचे लाव्हाचे प्रवाह वेगवेगळे, पण घराणं एकच.

मग हे कोन कुणी पाडले? लाव्हा थिजून दगड झाला तरी बराच काळ रसरशीत तापलेला असतो. निवताना तो आकसतो, पण बाजूंनी जखडलेला असल्यामुळे ताण सुटायला वाव मिळत नाही. म्हणून तो तडकतो, आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तसा. तीन फटी एकमेकींशी १२० अंश राखून भेटल्या की ताण सर्वांत चांगला सुटतो, आणि तशा फटींतून षट्कोन तयार होतात. वरून सुरू झालेली फट दगड निवत जाईल तशी आत उतरते. सावकाश निवलेल्या लाव्हाचे खांब जाड, झटपट निवलेल्याचे बारीक. अशा खांबाच्या अंगावर जवळून पाहिलं तर आडव्या पट्ट्या दिसतात. फट एका दमात खाली गेलेली नसते. ती थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक पट्टी म्हणजे तिचा एकेक टप्पा. मला या पट्ट्या फिनच्या गोष्टीइतक्याच विलक्षण वाटतात. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची, आणि तिच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे.

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ‘डेव्हिल्स टॉवर’ नावाचा असाच खांबांचा प्रचंड सुळका आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथेत अस्वल मुलींच्या मागे लागतं, मुलींना वाचवायला जमीनच वर उचलली जाते, आणि अस्वल चिडून नखांनी कातळ ओरबाडतं. ते उभे ओरखडे म्हणजे दोन खांबांमधल्या भेगा.

आता आपल्या लोणारकडे येऊ. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त आणि त्यातला क्षार हे त्याचं मांस, असंही सांगतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा कुणाला ही कथा आठवली असेल तर नवल नाही. तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. बाहेर जायला वाट नसलेलं पाणी आटत जातं आणि क्षार मागे राहतात.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. भोवतीचा दगड लाव्हाचाच, त्यामुळे अभ्यासकांनाही बराच काळ इथे ज्वालामुखीचा संशय होता. पुढे तळाशी छिद्रं पाडून नमुने काढले. त्यांत स्फटिकाची काच झालेली सापडली, आणि तीही वितळून नव्हे, तर निव्वळ धक्क्याच्या दाबानं. असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही, उल्का देते. हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे काही जण लगेच म्हणतात, बघा, पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता! मला हे पटत नाही. कथेत उल्का कुठेच नाही. कथेत आहे तो उचललेला काठ, खोल खड्डा आणि जिभेला झोंबणारं पाणी. हे सगळं कुणीतरी नीट पाहिलं, चाखलं आणि त्याचा एकमेकांशी संबंध लावला. त्या माणसाला शास्त्रज्ञ ठरवायची गरज नाही, तसंच अडाणी म्हणून हसण्याचा हक्कही आपल्याला नाही. पाहणं त्याचं खरं होतं. कारण शोधायला लागणारी साधनं त्याच्याकडे नव्हती.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. गावोगावी सीतेची न्हाणी असते, पांडवांच्या चुली असतात, भीमाच्या पावलाचा ठसा असतो. जाणत्या माणसाला गोष्ट विचाराच, पण त्यांना सोबत घेऊन जा आणि म्हणा, नेमकं कुठे ते दाखवा. ज्या खुणेवर बोट ठेवलं जाईल, तिचा फोटो काढा आणि गोष्टीशेजारी लिहून ठेवा. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती वही फार उपयोगी पडेल.

आणि निघोजला कुकडीच्या पात्रात जाल, तर पाणी ओसरल्यावर एखाद्या उथळ रांजणखळग्यात जपून डोकवा. तळाशी गुळगुळीत गोल गोटे दिसतील. पुराच्या भोवऱ्यात गरगरत त्यांनीच हा खळगा कोरला आहे. ते गोटे आठवण म्हणून घरी आणू नका. पुढच्या पावसाळ्यात त्यांचं काम पुन्हा सुरू व्हायचं आहे.

नमस्कार.