मुलाखतीतला दुसरा प्रश्न

नमस्कार. मुलाखतीला निघालेल्या कुणालाही विचारा, तयारी झाली का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हो, नेहमीचे प्रश्न काढले, उत्तरंही दोन-तीनदा वाचून झाली.’ आज मला या ‘वाचून झाली’बद्दलच बोलायचंय. कारण चांगल्या, लायक उमेदवारांची मुलाखत इथेच फसताना मी पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

वाचलेलं ओळखीचं होतं आणि ओळखीचं झालं की ते आपल्याला येतंय असं वाटू लागतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. उत्तरं वाचून झोपी जाणाऱ्याला जे समाधान मिळतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं असतं.

आता टेबलाच्या पलीकडून बघू. पुष्कळ ठिकाणी आता मुलाखत आखून घेतली जाते. म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न आणि उत्तरांना आधी ठरलेल्या निकषांवर गुण. यामागे संशोधन आहे. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये नोकरीसाठीच्या निवडीवर ८५ वर्षांत झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते हिशोब नव्याने मांडले. त्यात निवडीच्या अनेक पद्धतींचं वजन घटलं, पण आखीव मुलाखत सगळ्यांत वर आली. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की पॅनेलवरच्या माणसासमोर कागद असतो आणि तुम्ही जे बोललात त्यालाच तो गुण देऊ शकतो. मनात असलेल्याला गुण देता येत नाहीत.

एक उत्तर जवळून बघू. प्रश्न असा: ‘कामातली एखादी अडचण आणि ती कशी सोडवलीत ते सांगा.’ समजा, उमेदवार म्हणते, ‘आमच्या विभागात ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून मेहनत घेतली, समन्वय वाढवला आणि तक्रारी कमी झाल्या.’ वाक्यं नीटनेटकी आहेत, पण कागदावर लिहावं असं त्यात काही नाही. मग दुसरा प्रश्न येतो: ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ पाठ केलेलं उत्तर इथे संपलेलं असतं. मग तीच वाक्यं शब्द बदलून पुन्हा येतात.

याच उमेदवाराला सरावात कुणी शांतपणे खोदून विचारलं असतं, तर काय निघालं असतं? ‘मी महिन्याभराच्या तक्रारी एका शीटमध्ये उतरवल्या. निम्म्याहून जास्त तक्रारी बिल जुन्या पत्त्यावर गेल्याच्या होत्या. पत्ता बदलल्याची नोंद आमच्याकडे व्हायची, पण बिलिंगच्या सिस्टीममध्ये ती आठवड्यातून एकदाच चढायची. मी बिलिंगच्या प्रमुखांना शीट दाखवली. ते आधी तयार नव्हते, त्यांच्याकडे माणूस नव्हता. मग रोज संध्याकाळी ती नोंद मीच चढवायची असं ठरलं. पुढच्या महिन्यात तशा तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.’ केवढं काम आहे हे! प्रश्नाचं मूळ शोधलं, दुसऱ्या विभागाचा नकार ऐकून वाट काढली, जास्तीचं काम अंगावर घेतलं. हे सगळं तिच्यापाशी होतंच, फक्त पहिल्या उत्तरात ते ‘समन्वय’ या एका शब्दाखाली गाडलं गेलं होतं.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, असा एक साचा सगळीकडे शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टार’ म्हणतात. साचा चांगला आहे. पण लोक परिस्थिती सांगण्यातच निम्मा वेळ घालवतात. कंपनी कोणती, विभाग किती मोठा, साहेब कसे होते. माझ्या मते परिस्थितीला दोन वाक्यं पुरेत, बाकी सगळा वेळ कृतीला द्यावा.

तर तयारीची सुरुवात प्रश्नांच्या यादीपासून करू नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नोकरीची जाहिरात समोर ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक अपेक्षेपुढे स्वतःच्या कामातला एक खरा प्रसंग लिहा. नोकरी पहिलीच असेल तर प्रोजेक्टमधला, इंटर्नशिपमधला, एखाद्या कार्यक्रमाच्या आयोजनातला. पाच-सहा प्रसंग नीट आठवले तर त्यांवर पुष्कळ प्रश्नांची उत्तरं देता येतात. जुने ईमेल, डायरी, फाइल्स चाळा. आकडे, तारखा, कोण काय म्हणालं, हे तिथे सापडतं. उत्तर मात्र लिहून काढू नका. प्रत्येक प्रसंगासाठी कार्डावर तीन-चार शब्द बास झाले.

मग सराव, आणि तो तोंडाने, मोठ्याने. समोर कुणीतरी बसवा. त्याला तुमच्या क्षेत्रातलं काही कळत नसलं तरी चालेल. त्याने प्रत्येक उत्तरानंतर फक्त एवढंच विचारायचं: ‘म्हणजे नेमकं काय?’, ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’, ‘पुन्हा करायचं झालं तर वेगळं काय कराल?’ तिसरा प्रश्न सगळ्यांत जड जातो, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवा. कुणी मिळालं नाही तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज परका वाटेल, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. तिकडे दुर्लक्ष करा आणि एवढंच बघा की उत्तर सुरू झाल्यापासून ‘मी’ अमुक केलं, हे वाक्य किती वेळाने आलं. सरावाच्या प्रत्येक फेरीत शब्द वेगळे आले तर ते चांगलं लक्षण आहे. म्हणजे तुम्ही पाठ केलेलं म्हणत नाही, घडलेलं सांगताय.

छातीत धडधड होणारच. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावून ती सहसा थांबत नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस झाली. शरीर दोन्ही वेळी सारखंच धडधडतं, तेव्हा त्या धडधडीला उत्साह म्हणणं सोपं जातं. एखादं उत्तर येत नसेल तर सरळ सांगा, ‘हे मला माहीत नाही, शोधायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन.’ आणि विचार करायला दोन-चार सेकंद थांबलात तर कुणी गुण कापत नाही. कपडे, कागदपत्रं, पत्ता किंवा व्हिडिओची लिंक, हे सगळं आदल्या दिवशी उरकून टाका.

शेवटी तुम्हाला विचारतील, ‘तुमचा काही प्रश्न?’ ‘नाही’ म्हणून उठू नका. ‘या पदावरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावं, असं तुम्हाला वाटतं?’ हे विचारा आणि उत्तर मन लावून ऐका, कारण ही जागा तुम्हाला मानवेल का हेही तुम्हाला ठरवायचं असतं. बाहेर पडलात की निकालाचा अंदाज बांधत बसण्याआधी सगळे प्रश्न त्याच दिवशी लिहून काढा. जिथे अडखळलात तिथे खूण करा आणि पुढच्या सरावाला समोरच्या माणसाच्या हातात तोच कागद द्या.