इतिहासाच्या वर्गातून कोर्ट नाक्याकडे

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर सकाळी टंकलेखकांच्या टेबलांपुढे प्रतिज्ञापत्रांसाठी लोक दाटीने उभे असतात आणि जिल्हा व सत्र न्यायालयाच्या आवारात काळ्या कोटांची ये-जा सुरू झालेली असते. या गर्दीतून फायली सावरत येणाऱ्या तरुण वकील इतिहासाच्या पदवीधर आहेत. अशिलांची ओळख उघड होऊ नये, म्हणून त्यांचे नाव येथे घेतलेले नाही.

त्या जेथे शिकल्या, त्या खाडीलगतच्या चेंदणी बंदर रस्त्यावरील संकुलात जोशी-बेडेकर महाविद्यालय आणि विधी महाविद्यालय शेजारी शेजारी आहेत. बारावीला उत्तम गुण मिळवूनही त्यांनी कला शाखा निवडली, तेव्हा ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न त्यांना घरीदारी ऐकावा लागला. या प्रश्नामागे कला शाखेविषयीचे मोठे अज्ञान आहे. अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, तो कोणी, केव्हा व कोणाच्या सोयीसाठी लिहिला, आणि त्यातून कोणाचे नाव गळले, हे तपासण्याची शिस्त त्यांना इतिहासाच्या वर्गातच लागली. मोडी लिपीही त्या तेथेच शिकल्या.

पदवीनंतर सामाईक प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची वकिलीची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. सनदेसाठीचे नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपयांपेक्षा, अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. सामान्य घरांतील मुलामुलींसाठी तो फार मोलाचा आहे. सीनियरच्या हाताखालची पहिली वर्षे तारखा घेण्यात, रोजनामे (खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी) वाचण्यात आणि प्रमाणित नकलांचे अर्ज करण्यात गेली.

आज त्यांच्या टेबलावर उघडलेली फाईल नवी मुंबईतील एका गावठाणातून आली आहे. १९७० मध्ये नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात उरण तालुक्यातील जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. मूळ खातेदार हयात नसल्यास या भूखंडासाठी वारसांना १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला दिवाणी न्यायालयातून मिळवावा लागतो. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा हा विनियम आजही रोजच्या वापरात आहे.

या प्रकरणातील फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीवर, खातेदाराच्या केवळ दोन मुलग्यांची नावे चढली होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस ठरली असली, तरी लेकीचे नाव वगळण्याची रीत गावोगाव टिकून राहिली, आणि या प्रकरणातील अशील असलेल्या आजींचेही नाव असेच वगळले गेले होते. आजी त्या खातेदाराच्याच कन्या, हे सिद्ध करणारा कागद कोणापाशीही नव्हता. अखेर गावातील जन्म-मृत्यूंच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकाच्या नकलेत एक मोडी ओळ मिळाली. तीत जन्मतारीख आहे, वडिलांचे नाव आहे आणि पुढे फक्त ‘मुलगी’ असे लिहिले आहे; मुलीचे नाव नाही. ही मुलगी कोणती, हे ठरवण्यासाठी वकीलबाईंनी शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद काढली, दोन्ही तारखा जुळवल्या, वंशावळ नव्याने मांडली आणि गावातील वृद्धांची प्रतिज्ञापत्रे घेतली. अनेक साधने परस्परांशी ताडून एक गोष्ट निश्चित करण्याचे हे काम पदवीच्या वर्गात जसे शिकवले जाते, तसेच त्यांनी येथे केले.

वारस दाखल्यात आजींचे नाव आले. भूखंडाच्या वाटणीचा दावा अद्याप प्रलंबित आहे.