खुंट्या पिळण्याची सिंफनी

मघाशी तंबोरे जुळत होते तेव्हा तुमच्यातले निम्मे लोक चहाचे कप ठेवायला उठलात. मी मुद्दाम बघत होतो. सवयच आहे आपली. जुळवाजुळव म्हणजे काही गाणं नव्हे, ते अजून सुरू व्हायचंय, तोवर पाय मोकळे करून येऊ. आज ज्या बाईंबद्दल बोलायचंय, त्यांनी नेमकी ही जुळवाजुळवच सिंफनीत, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, घातली आहे.

बाईंचं नाव ग्लोरिया कोट्स, संगीतकार. जन्म १९३३चा, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉ गावातला. १९६९पासून मुक्काम जर्मनीत, म्युनिकला. तिथेच २०२३ साली त्या गेल्या. सिंफन्या किती? सतरा. आणि तरी इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय, ते मी विचारत नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही ऐकलेलं नव्हतं. माझा आपला अंदाज असा, की अमेरिकेतल्यांना त्या दूरच्या झाल्या आणि जर्मनांना परक्याच राहिल्या. आपल्यासारख्यांना त्या भेटतात रेकॉर्डिंगमधून. नॅक्सॉस आणि सीपीओ या कंपन्यांच्या सीडी आहेत.

मला सीडी दिली एका मित्राने. वेष्टनावर जाड रंगांचं, आकार नसलेलं चित्र. तेही बाईंचंच, त्या चित्रंही काढायच्या. रात्री जेवण झाल्यावर लावली. तंतुवाद्यं हळूहळू वर सरकायला लागली. सरकताहेत, सरकताहेत, थांबायचं नाव नाही. पाचेक मिनिटांनी शेजारच्या काकांनी दार वाजवलं, “अहो, कुठे आग लागलीय का? भोंगा वाजतोय.” मी सीडी बंद केली, आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

माझी चूक कुठे झाली, ते नंतर कळलं. मी ती मींड समजून ऐकत होतो. आपल्या मींडेला पोचायचं एक गाव असतं. गायक षड्जावरून निघतो, मधल्या श्रुतींना हात लावत पंचमावर जाऊन टेकतो आणि आपण मान डोलावतो. कोट्सबाईंच्या या घसरणीला टेकायचं ठिकाणच नाही. आपण पंचमाची वाट बघत बसलो तर रात्रभर बसू. त्यांच्याकडे घसरणं हाच स्वर आहे. मग त्यातली शिस्त ऐकू यायला लागते. एक वाद्य वर चढत असताना दुसरं त्याच चालीने खाली उतरतं, आरशात बघितल्यासारखं. तिसरं तीच वाट थोड्या वेळाने धरतं. म्हणजे हा कॅनन झाला, युरोपातल्या चर्चसंगीतातला जुना, कडक हिशेबाचा प्रकार. फक्त त्यात पायऱ्यांच्या जागी उतार आहेत. भोंग्याला असला हिशेब नसतो, हे काकांना सांगायचं राहिलंच.

आता पहिली सिंफनी. १९७३च्या सुमाराची. तेव्हा बाईंनी तिला सिंफनी म्हटलंही नव्हतं, नाव होतं ‘मोकळ्या तारांवरचं संगीत’. ते बिरुद मागाहून लागलं. १९७८मध्ये पोलंडमधल्या ‘वॉर्सा ऑटम’ या नव्या संगीताच्या महोत्सवात ती वाजली, आणि बाईंकडे लोकांचं लक्ष गेलं ते तेव्हा. त्यांचे एक गुरू अलेक्झांडर चेरेपनिन, मूळचे रशियन, १९३०च्या दशकात काही वर्षं शांघायमध्ये शिकवत होते. त्यांच्याकडून मिळालेल्या एका चिनी स्वरमालेत बाईंनी व्हायोलिनपासून सगळ्या तारा लावून घेतल्या. रोजच्या तारा उतरवून भलत्याच सुरात, आणि वाजवायच्या त्या मोकळ्या. डाव्या हाताच्या बोटांना जवळजवळ सुट्टीच.

तिसऱ्या भागात मात्र त्याच डाव्या हाताला काम लागतं. उजव्या हातातला गज चालू ठेवायचा आणि डाव्या हाताने खुंटी पिळायची. त्या चिनी सुरावटीतून तार हळूहळू तिच्या नेहमीच्या सुरावर आणायची, लोकांसमोर, वाजवता वाजवता. अख्खा तंतुवाद्यवृंद हे करतो. तार ताणली जाताना तो चढता आवाज, मध्येच लाकडाची करकर, कुणाची तार आधी पोचते, कुणाची मागे राहते. तंबोरा लावणाऱ्याच्या पोटात एक गोळा असतो ना, आता तार तुटते की काय? तोच गोळा इथे पस्तीस-चाळीस जणांच्या पोटात एकदम. आपल्याकडे हे पडद्यामागचं, नाहीतर “जरा एक मिनिट हं” म्हणून उरकायचं काम. असं बघता संगीत कधी सुरू होतं? माझ्याकडे उत्तर नाही, पण तेव्हापासून मी तंबोरे जुळताना जागेवरून उठत नाही.

बाकीच्या सगळ्यांबद्दल बोलत बसलो तर दिवाबत्ती होईल. दोनच सांगतो. चौथीत सतराव्या शतकातल्या पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा विलाप आहे, त्याच्या ऑपेरात, म्हणजे संगीतनाटकात, डायडो राणी मरताना गाते तो. त्याच्या तळाशी मंद्रातली एक ओळ अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरते आणि पुन्हा पहिल्यापासून येते, लेहऱ्यासारखी. कोट्सबाईंनी ती जमीन म्हणून अंथरली आणि वर आपल्या घसरणी सोडल्या. मूळची ओळखीची चाल कानाला लागते, सुटते, पुन्हा लागते. नवख्याने सुरुवात इथून करावी.

चौदाव्या सिंफनीची गंमत वेगळी. तीत विल्यम बिलिंग्जला वंदन आहे. हा अठराव्या शतकातला बोस्टनचा माणूस, धंदा कातडी कमावण्याचा, आणि फावल्या वेळात, की उलट कोण जाणे, भजनं रचायचा. त्याचं संगीत फारच गोड आहे, बेसूर स्वर लावायची हिंमत नाही, अशी टीका झाली. यावर पठ्ठ्याने १७७८ साली ‘जार्गन’ नावाची छोटी रचना छापली, पहिल्यापासून शेवटपर्यंत कर्कश. घ्या म्हणाला! सव्वादोनशे वर्षांनी बाईंनी त्याचाच धागा उचलला आणि सुरांच्या मधल्या फटीत, पाव-पाव सुरात, त्याला बसवलं. लोक कोट्सना फार आधुनिक म्हणतात. मला त्या या चांभारकुंडाजवळच्या भजनीबुवाच्या नातलग वाटतात.

बरं, बोलणं पुरे. पहिलीतला तिसरा भाग लावतो. पंखा बंद करा, सुरुवातीचा आवाज बारीक आहे. आणि पुढच्या रांगेतले तंबोरेवाले, तुम्ही कृपा करून हात खुंट्यांपासून लांब ठेवा.