पुंडलिकाचे दहा गुण

नमस्कार श्रोतेहो. आधी एक प्रश्न विचारून ठेवतो, उत्तर शेवटी सांगेन. मोबाइलला हात लावायचा नाही, एवढीच अट.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. या डोंगरावर उगम पावणारी कृष्णा पूर्वेला निघते आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळते. तिची एक बहीण मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते. या बहिणीच्या काठच्या गावात २० मार्च १९२७ रोजी पाण्यासाठीच सत्याग्रह झाला. नदी कोणती?

असू द्या डोक्यात.

मी बरीच वर्षं शाळांच्या प्रश्नमंजूषा स्पर्धांसाठी प्रश्न काढतोय. समोर माईक घेऊन उभा राहतो तो क्विझमास्टर. त्याचे फोटो छापून येतात. मी मागच्या टेबलावर, हातात पत्त्यांचा गठ्ठा घेऊन बसलेला असतो. एका पत्त्यावर एक प्रश्न, खाली उत्तर, कोपऱ्यात फेरीचं नाव. इतिहास, भूगोल, विज्ञान, क्रीडा, साहित्य, चालू घडामोडी. चुकीचं उत्तर मुलांनी दिलं तर त्यांचे गुण जातात. पत्त्यावरचं उत्तर चुकलं तर माझं काहीच जात नाही, जातात पुन्हा मुलांचेच. हे मला एका मुलानं शिकवलं.

एका तालुक्याच्या गावात अंतिम फेरी होती. चार संघ, समोर बझर. बझर म्हणजे गावातल्याच वायरमननं फळीवर बसवलेली चार बटणं आणि चार रंगांचे दिवे. आधी दाबणाऱ्याचा दिवा लागायचा आणि बाकीच्यांची बटणं बंद व्हायची. आतल्या रिलेचा तो खट्ट आवाज अजून कानात आहे. प्रश्न आला, ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ खट्ट. हिरवा दिवा. आठवीतला मुलगा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, “श्री पुंडलिक.”

हॉलमध्ये हशा पिकला. क्विझमास्टरनं पत्ता पाहिला, मान हलवली. पत्त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ होतं. मुलाचे पाच गुण वजा झाले, दुसऱ्या संघाला दहा मिळाले आणि अखेर हिरवा संघ पाच गुणांनी हरला. मुलगा काही बोलला नाही. खाली बसताना त्यानं मागे, माझ्या टेबलाकडे बघितलं.

आता हकिकत ऐका. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात १८ मे १९१२ रोजी लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला. थिएटर तेच, मधे जवळजवळ एक वर्ष. मग पहिला मान फाळक्यांना का? कारण ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरचं नाटक कॅमेऱ्यात उतरवलेलं होतं, लांबीलाही छोटं, आणि त्याची फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवली होती. फाळक्यांनी कथा पडद्यासाठीच मांडली आणि तंत्र इथं उभं केलं. या कारणांना वजन आहेच. पण मग प्रश्नात ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असं लिहायला हवं होतं. चार शब्द वाढले असते. ते मी लिहिले नाहीत, कारण गाइडमध्ये नव्हते.

गाइडवरून गाइड तयार होतं, हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. आणि केवळ आपल्याकडचाच नाही. १९७९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला दोन पत्रकारांनी ‘ट्रिव्हियल पर्सूट’ नावाचा खेळ काढला. पटावर सहा रंग आणि सहा विषय. भूगोल निळा, इतिहास पिवळा, विज्ञान हिरवं, असं. पुढे तो जगभर खपला. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या माणसानं अशाच फुटकळ माहितीचा एक कोश केला होता आणि चोर पकडण्यासाठी त्यात मुद्दाम एक थाप पेरून ठेवली होती. टीव्हीवरच्या कोलंबो नावाच्या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप, अशी ती थाप. खेळाच्या पत्त्यांवर नेमका हा ‘फिलिप’ सापडला! वर्थ कोर्टात गेला. समोरच्यांनी कोश वापरल्याचं सरळ कबूल केलं, आणि तरी वर्थ हरला. माहितीवर कुणाची मालकी नसते, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. मला मात्र गंमत वाटते त्या घरांची, जिथं रात्री पटाभोवती बसून लोकांनी ‘फिलिप’ला गुण दिले असतील.

आपले ‘फिलिप’ काय कमी आहेत? भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? शंभरातली नव्वद मुलं हॉकी म्हणतील, त्यांचे शिक्षकही म्हणतील. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. तरी हा प्रश्न मेला नाही, दर वर्षी कुठे ना कुठे मान वर काढतोच.

शिवाय उत्तरं शिळी होतात, भाजीसारखी. जून २०१४ मध्ये तेलंगणा झालं आणि राज्यं एकोणतीस झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर पुन्हा अठ्ठावीस. त्या पाच वर्षांत छापलेली पुस्तकं अजून शाळांच्या कपाटात आहेत. महाराष्ट्राचे जिल्हे १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर झाल्यावर, छत्तीस झाले. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. शनीला चंद्र किती, हा प्रश्न तर मी कायमचा बंद केलाय. २०१९ मध्ये ८२ झाले, २०२३ मध्ये शंभरी ओलांडली आणि २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांची भर पडून २७४ झाले. शाळेच्या मुलाला कशाला छळायचं?

पुंडलिकानंतर मी एक सवय लावून घेतली. पत्ता लिहून झाला की स्वतःला विचारायचं, उत्तर पाठ नसलेल्या मुलाला इथवर पोहोचायला वाट आहे का? एक उदाहरण देतो. ‘स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुणी मिळवून दिलं?’ प्रश्न बरोबर आहे. पण पाठ असेल तर येतं, नसेल तर बसा तोंड बघत. आता हाच प्रश्न असा ऐका. ‘कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. १९५२ मध्ये तो कांस्यपदक घेऊन परतला. कोण?’ कुणी कुस्तीच्या बाजूनं येईल, कुणी कोल्हापूरच्या, कुणाला आजोबांनी सांगितलेलं आठवेल. खाशाबा जाधव हे नाव ज्याला येणार नाही, तो घरी जाऊन निदान त्या गहाण घराबद्दल विचारील.

फक्त असे प्रश्न लांबतात. क्विझमास्टर कुरकुरतो, “सर, हे वाचेपर्यंत बझर वाजतो हो!” वाजू दे की. अर्धवट ऐकून दाबलं तर धोका त्याचा.

छोट्या पडद्यावरचा, म्हणजे टीव्हीवरचा खेळ वेगळा. तिथं चार पर्याय समोर असतात आणि दडपण पैशांचं असतं. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० ला सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण. त्याला एक कोटीसाठी विचारलेला प्रश्न मला फार आवडतो. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते? उत्तर, ॲटर्नी जनरल, म्हणजे आपला महान्यायवादी. घटनेचं अनुच्छेद ८८. हा गृहस्थ खासदार नसला तरी दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. यात तारीख नाही, आकडा नाही. घटना वाचलेल्याला सुचावं आणि न वाचलेल्याला वाचावीशी वाटावी, असा प्रश्न. पुढे २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे तिथं एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्या वर्षी आमच्या भागातल्या स्पर्धेत प्रेक्षकांमध्ये आया जास्त दिसल्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुणांचं गणितही थोडं सांगतो, कारण भांडणं तिथंच होतात. पूर्वी प्रत्येक संघाला त्याचा त्याचा ठरावीक प्रश्न असायचा आणि आला नाही की पुढच्याला पास. वरवर न्याय्य. पण तुमच्या आधीचा संघ कच्चा असेल तर त्याचे सगळे पास तुमच्या ताटात पडतात, आणि तो हुशार असेल तर तुम्ही उपाशी. म्हणजे चिठ्ठी काढून जागा ठरल्या तेव्हाच निम्मा निकाल लागलेला. आता ‘इन्फिनिट बाउन्स’ नावाची पद्धत आलीय. ज्या संघानं उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू. त्यामुळे कच्च्याच्या शेजारी बसण्याचा फायदा बराच कमी होतो. पालकांना हे समजावणं प्रश्न काढण्यापेक्षा अवघड आहे.

फेऱ्यांचंही तसंच. क्रीडा म्हटलं की क्रिकेट, मनोरंजन म्हटलं की हिंदी सिनेमा. हे विषय ज्याच्या घरी टीव्ही मोठा त्याचे. म्हणून मी एक शेतीची फेरी घुसवली. संयोजक नाराज होते. पडद्यावर एका अवजाराचं चित्र टाकलं. वर चाडं, त्यातून निघालेल्या तीन नळ्या, खाली तीन फण. शहरातल्या इंग्रजी शाळेचा संघ एकमेकांकडे बघत राहिला. चित्र पुरतं उघडलंही नव्हतं, तोवर खट्ट, पिवळा दिवा. नववीतली मुलगी म्हणाली, “पाभर.”

क्विझमास्टरनं पत्ता पाहिला. पत्त्यावर ‘तिफण’ होतं. त्यानं मान हलवायला सुरुवात केली आणि मी मागच्या टेबलावरून जवळजवळ धावत स्टेजवर गेलो. मराठवाड्यात, विदर्भात तिफण म्हणतात, आमच्याकडे पाभर. पेरणीचं अवजार तेच. माईक हातात घेऊन सांगितलं, दहा गुण द्या. मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, “सर, दुफणीलाही आमच्यात पाभरच म्हणतात, पण ही तीन फणांची आहे.” हे मला ठाऊक नव्हतं. मी पत्त्यावर पेन्सिलनं लिहून घेतलं.

त्या दिवशी घरी येऊन जुना गठ्ठा काढला. पुंडलिकाचा पत्ता मी फाडलेला नाही. मागच्या बाजूला दोन्ही तारखा लिहून ठेवल्यात आणि खाली ‘हिरवा संघ, दहा गुण बाकी’ असं. तो मुलगा आता तिशीत असेल. ऐकत असलास तर बाबा, तुझे दहा आणि वजा केलेले पाच, असे पंधरा माझ्याकडे निघतात.

बरं, सुरुवातीचा प्रश्न. नदी सावित्री. गाव महाड. सत्याग्रह चवदार तळ्याचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला. कुणी नकाशावरून आलं असेल, कुणी तारखेवरून, आणि कुणी आंबेनळी घाटातून एसटीनं पोलादपूरला उतरताना खिडकीतून पाहिलेल्या पाण्यावरून. तिन्ही वाटा चालतील, दहा गुण.

आणि ज्यांनी घाईघाईनं ‘महाड’ म्हटलं, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नाही. मी गाव विचारलं नव्हतं, नदी विचारली होती. पण असू दे. पाच देतो. नमस्कार.